बाकड्यावरची राणी

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज सरांनी सगळ्यांना जमिनीवर आणलं. तिसऱ्या वर्षाच्या मास कम्युनिकेशनच्या वर्गात आम्ही मोठमोठ्या गोष्टी लिहून नेल्या होत्या. अक्षयच्या गोष्टीत तर हेलिकॉप्टर होतं. सर म्हणाले, "कॉलेजकडे कॅमेरा नाही, तुमच्याकडे पैसे नाहीत आणि माझ्याकडे धीर नाही. कोणीही अख्खी फिल्म करायची नाही. फक्त सुरुवात करा, पहिली तीन मिनिटं. वीस डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीआधी, वर्गात दाखवा. जी सुरुवात बघून पुढचं बघावंसं वाटेल, तीच फिल्म जानेवारीत सगळा वर्ग मिळून करेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या."

मी टाळ्या वाजवणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

माझी गोष्ट पहिल्या वर्षापासून डोक्यात आहे. एक म्हातारा दशावतारी नट. जन्मभर राणीच झालेला. एक दिवस तो घरातच तोंडाला रंग लावतो, शालू नेसतो, मुकुट चढवतो, पडवीतल्या बाकड्यावर बसून (दशावतारात बाकडं हेच सिंहासन) दरबार भरवतो. मग उठून दार उघडतो, तर अंगणात चिटपाखरू नाही. इथे सुरुवात संपते. तो असं का करतो, ते पुढे.

नट शोधायलाच नको. माझा सख्खा मामा, पार्सेचा कृष्णनाथ. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत स्त्रीपार्टी म्हटलं की त्याचं नाव निघतं. लहानपणी त्याला रंग लावून बसलेला बघून मी "ही बाई कोण?" म्हणून भोकाड पसरलं होतं म्हणे.

ग्रुपात मी आणि महेश, दोघंच. बाकी सगळे अक्षयकडे पळाले, कारण त्याचं शूटिंग हरमलला, समुद्रावर. शिवाय प्रतीक्षाच्या, म्हणजे माझ्या, हाताखाली काम करणं म्हणजे खाष्ट सासूकडे नांदणं, असं कोणीतरी म्हणालं. म्हणू देत.

घरी सांगितलं. खाण बंद झाल्यापासून बाबांचा ट्रक अंगणात उभा आणि बाबा पडवीत बसलेले. म्हणाले, "जूनमध्ये कारखान्यात चिकटायचंय, ध्यानात आहे ना? तोवर काय नाचायचं ते नाच." ध्यानात आहे. म्हणून तर आत्ताच नाचायचंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कॅमेऱ्याचं जमलं! महेशच्या चुलतभावाचा म्हापशात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "न्या कॅमेरा, पण मुहूर्त नसेल त्याच दिवशी." तुळशीचं लग्न होऊन गेलंय, आता माणसांची सुरू झाली. संध्याकाळी मी पंचांग घेऊन बसले. आई हसायला लागली, "काय गो, स्वतःचा बघतंस काय?" म्हटलं, लोकांचं बघते, ते नसेल तेव्हा माझं कार्य उरकायचंय.

आवाज महेशच्या मोबाईलवर घेणार. उजेड परतवायला बाजारातल्या मासळीवालीकडून बर्फाच्या खोक्याचं थर्मोकोलचं झाकण मागून आणलं. साबणाने धुतलं, उन्हात ठेवलं, तरी कोळंबीचा वास जात नाही. महेश म्हणतो, वास पडद्यावर दिसत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पार्सेला जाऊन आले. मामा यंदा नाटक कंपनीबरोबर गेलेला नाही. जत्रांचा मोसम सुरू झालाय आणि कृष्णनाथ घरात, असं कधी घडलं नव्हतं. रत्नामामी म्हणाली गुडघे दुखतात. पण मी पोचले तेव्हा तो तळीच्या पायऱ्या धडाधड चढून वर आला. कंपनीच्या मालकाशी बिनसलं असणार, दुसरं काय!

"मामा, माझ्या फिल्ममध्ये राणी होशील?" म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला! "कोणचा आख्यान?" मी सगळं सांगितलं. तो मान डोलावत होता, आणि मध्येच मामी बोलली, "गो बाय, दुसऱ्या कोणाक तरी बघ. ह्यांच्यान होवचा नाय."

मी म्हटलं, बाकड्यावर बसायचंच तर आहे, बसायला गुडघे कशाला लागतात? मामाला काही विचारलं की उत्तर मामीच देते. मला वाटतं तिला थोडा हेवा आहे. जन्मभर नवरा राणी होऊन मिरवला आणि ही चुलीपाशी. वाटणारच.

मामाने मला दोनदा विचारलं, "कॉलेज खंयचा गो तुझा?" दोनदा सांगितलं. चिडवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

शेवटी तो म्हणाला, "करतलंय मी." मामी उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत होती.

१ डिसेंबर, रविवार

पहिलं शूटिंग. डोकं फिरलंय, तरी लिहितेच.

सकाळी बाबांच्या ट्रकची ताडपत्री नेऊन पडवीच्या खिडक्या झाकल्या, वर एक पिवळा बल्ब लावला. तिवई नाही, म्हणून कॅमेरा मामीच्या खोबरं खवायच्या आदोळीवर ठेवला आणि खाली तांदळाची पिशवी. महेश चक्क जमिनीवर आडवा. मामाचा रंग एकदम फर्स्ट क्लास. छोटा आरसा पायाच्या अंगठ्याला टेकवून तासभर एकटा बसला होता. सफेदा, पिवडी, काजळ, एक रेघ चुकली नाही. आम्ही दोघं बघतच राहिलो.

मग बाकड्यावर बसला. मी लिहिलेली वाक्यं तीन: "दासी, दिवा पुढे आण. महाराज आज येणार नाहीत. दरबार मीच भरवीन." बस्स. दासी दिसतच नाही, तिला फक्त हाक.

पहिल्यांदा मामा म्हणाला, "सखे, या दिव्याची वात कुणी गं उतरवली? माझा नाथ वनातून परतेल तेव्हा त्याला अंधारात ओवाळू का?" आणि तिथून जो सुटला तो कॅमेऱ्याचं कार्ड भरेपर्यंत. ऐकायला इतकं गोड की महेश वाहवा म्हणून बसला आणि तेही आवाजात आलं.

दुसऱ्यांदा राणी राजवाड्यात नव्हतीच, अरण्यात रडत होती. तिसऱ्यांदा तिला दोन मुलगे झाले होते.

मी ओरडले, "मामा! कागदावर आहे तेवढंच!" तर मामा म्हणाला, "नाटकात कागद खंय आसता गो? मालक आख्यान सांगता, कोणी काय होवचा ता सांगता, मगे आम्ही उभे रवतो. तोंडात येयत ता बोलायचा." हे खरंच आहे. दशावतारात लिहिलेलं काही नसतं, सगळं जागच्या जागी रचायचं. पण आमची पंचाईत अशी की लांबून घेतलेल्या शॉटमध्ये एक वाक्य, जवळून घेतलेल्यात भलतंच. जोडायचं कसं?

त्यात मामी. कॅमेऱ्याच्या मागे दाराला टेकून उभी. दर वेळी मामाने तोंड उघडायच्या आधी हिच्या बांगड्या वाजतात. "मामी, हलू नको ना गो!" म्हणून मी थकले.

२ डिसेंबर, सोमवार

महेशशी भांडण. तो म्हणतो मामाला बोलू दे हवं ते. मी म्हटलं, मग दिग्दर्शन कोण करतंय, मी की मामा? तो म्हणाला, "बघ ना जरा, कोण करतंय." बोलणं बंद.

४ डिसेंबर, बुधवार

बोलणं सुरू. कॅमेरा त्याच्याकडे आहे, करते काय! ठरलं असं की पुढच्या वेळी मामीला परसात पाठवायचं. आवाज स्वच्छ येईल आणि मामाचं लक्षही इकडे तिकडे जाणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

मामीला परसात पाठवलं. ती जाईना. "मी कोपऱ्यात बसतंय, हलूचंय नाय," म्हणाली. शेवटी बांगड्या काढून ठेवते म्हणाली. कुंकवाच्या बाईने बांगड्या काढायच्या? मीच नको म्हटलं आणि तिला हाताला धरून मागच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

मामा बाकड्यावर बसला. महेशने खूण केली. शांतता. मामा दाराकडे बघतोय. मी हळूच म्हटलं, "दासी, दिवा..." तो म्हणाला, "दासी." आणि थांबला. मग विचारलं, "रत्ना खंय गेली?"

परत. परत. दर वेळी "दासी" आणि पुढे काही नाही. हजारो माणसांसमोर उभा राहणारा हा नट माझ्या आदोळीवरच्या कॅमेऱ्याला घाबरला! माझा तोल गेला. म्हटलं, "तीन वाक्यं आहेत मामा. पाचवीतलं पोरगं पाठ करतं!" त्याने माझ्याकडे बघितलं, शालूच्या पदराने गालावरचा रंग पुसायला घेतला. पुसता पुसता मुकुटही काढला. संपलं शूटिंग.

तेवढ्यात अंगणात स्कूटर. कंपनीचे मालक बाबली परब आले होते. "काय कृष्णनाथा, गुडघो कसो आसा? तू नाय तर बाकड्याक शोभा नाय रे." मामा हात जोडून नुसता हसला. त्यांना ओळख दाखवावी, बसा म्हणावं, काही नाही. मामी मागून धावत आली आणि मामाच्या पुढेच उभी राहिली, "बरो आसा, पण वैद्यान अजून उभे रवा नको सांगलां." चहासुद्धा विचारला नाही त्या माणसाला. मला लाज वाटली. एवढं काय भांडण असेल यांचं?

१० डिसेंबर, मंगळवार

अक्षय कॅन्टीनमध्ये आला. त्याची सुरुवात तयार आहे. वाळूत हात सापडतो, लाटा, बाईक, गिटार. म्हणाला, "ये आमच्यात, तुझं नाव सहायक म्हणून टाकतो." मी म्हटलं, "त्या हाताच्या नखाला लाल पॉलिश आहे आणि पुढच्या शॉटमध्ये नाही, ते आधी बघ." त्याचा चहा गार झाला. तेवढंच समाधान.

घरी येऊन मात्र वाटलं, सोडावं. दुसरा नट आणावा, नाहीतर गोष्टच बदलावी. पण मग मामाचा तो रंग लावतानाचा चेहरा आठवतो. तो सोडून दुसरा कोण बसणार त्या बाकड्यावर? पंचांग परत काढलंय. शुक्रवार मोकळा दिसतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

कॉलेज बुडवून सकाळीच पार्से गाठलं. मामी म्हापशाच्या बाजाराला गेली होती. आम्ही पडवीत पाऊल टाकलं तर मामा आधीच बाकड्यावर बसलेला. रंग लावून, शालू नेसून, मुकुट चढवून, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन! मी महेशला चिमटा काढला. त्याने उभ्या उभ्या कॅमेरा सुरू केला.

मामा म्हणाला, "गाडी इली काय? आज खंय नाटक? मालकान कोणचा आख्यान लावल्यान?" काय ते विचारणं! डोळे दाराकडे, कान रस्त्याकडे, एक हात गाठोड्यावर. मी कॅमेऱ्यामागून त्याच्या सुरात सूर मिसळला, "येईल हां गाडी, बस." तो बसून राहिला. नुसता वाट बघत. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तू कोणाची गो चेडवा?" मी कोणाची पोर म्हणे! मलाच नाटकात ओढलं! मी म्हटलं, "मी दासी." त्याने मान डोलावली.

माझी तीन वाक्यं नाहीत तर नाहीत, मरू देत. असा अभिनय मी जन्मात बघितला नाही. रविवारचा राग मनात न ठेवता मामाने माझ्यासाठी मुद्दाम हे रचलं, केवढं मोठं मन!

महेश मात्र कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. "काय रे, आवडलं नाही?" तर म्हणाला, "आवडलं का ते माहीत नाही."

मामी आली, पिशव्या उंबऱ्यातच ठेवल्या. मी आनंदाने तिला कॅमेऱ्यावर दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्या पुसून टाक."

"काय?"

"कोणाक दाखव नको. पुसून टाक, तुझ्या पाया पडतंय."

मी ताडकन उठले. म्हटलं, पहिल्या दिवसापासून तुला हे नकोच होतं, मामी. तुला बघवत नाही त्याचं कौतुक. आणि चहा न पिता निघाले.

१४ डिसेंबर, शनिवार

कालच्या शॉटला पहिल्या दिवसाचा एखादा तुकडा जोडता येईल का, म्हणून आज हेडफोन लावून सगळं सुरुवातीपासून ऐकलं.

एक डिसेंबर. बांगड्या वाजतात. आधी मी तेवढंच ऐकलं होतं. आज आवाज वाढवला तर बांगड्यांच्या मागोमाग मामीची कुजबुज. "तुम्ही राणी आसात. राजा घरात नाय. दासयेक हाक मारा." आणि मग मामा, "सखे, या दिव्याची वात..." पुढच्या वेळी परत बांगड्या, परत तेच. "तुम्ही राणी आसात." प्रत्येक वेळी. एकही चुकलेली नाही.

आठ डिसेंबर. बांगड्या नाहीत. "दासी." शांतता. "रत्ना खंय गेली?"

तेरा डिसेंबर. "तू कोणाची गो चेडवा?"

हेडफोन काढून ठेवला.

तो रचत नव्हता. त्याला आठवत नव्हतं. वाक्यं आठवत नव्हती, बाबली मालक आठवत नव्हते आणि काल मीसुद्धा. आणि मी त्याला काय म्हणाले? पाचवीतलं पोरगं. मामीला काय म्हणाले ते तर लिहवतही नाही. आई विचारायला आली डोळे का सुजले, तिला सर्दी सांगितली.

१५ डिसेंबर, रविवार

पहिल्या बसने गेले. मामी मागच्या दारी चवळीच्या शेंगा सोलत होती. मी समोर जाऊन बसले, एक शेंग हातात घेतली आणि ती सोलता सोलता रडायला लागले. मामी म्हणाली, "कळला मगे तुका." माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग तिने सांगितलं. गेल्या मोसमात एका जत्रेत मामा राणी होऊन आला आणि भलत्याच आख्यानातलं बोलायला लागला. समोरच्या नटाने सांभाळून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कृष्णनाथाने आज नवीन काढलं म्हणाले. "नाटकात कागद नसता ना गो," मामी म्हणाली, "मगे चुकला ता कोणाक कळतला? माका कळला. तीस वर्सां मी पुढे बसान बघलंय." त्यानंतर घरातही सुरू झालं. तिने मामाचे गुडघे दुखतात अशी आवई उठवली आणि त्याला कंपनीतून घरी आणलं. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या आहेत. पण कोणाला सांगितलं नाही, माझ्या आईलाही नाही.

"का गो मामी?"

"राणी इसरली म्हणान हसतले लोक. ज्यांनी हात जोडल्यानी, तेच हसतले. ता बघूचा नाय माका."

मी तिच्या समोरच महेशला फोन लावला आणि शुक्रवारचा शॉट पुसायला सांगितला. तो म्हणाला, "प्रतीक्षा, दुसरं आपल्याकडे काहीच नाही." मी म्हटलं, पूस, माझ्या लॅपटॉपवरचा मी पुसते. पुसला. घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं. पाच दिवस राहिलेत आणि हातात शून्य.

मामा केव्हा दारात येऊन उभा राहिला कळलंच नाही. आज तो अगदी मामा होता. म्हणाला, "माझा नाव कित्याक कमी करतास गो दोघी? माका म्हायत आसा काय जाता ता. आख्यानां एकमेकांत मिसळतत. पण बाकड्यार बसलंय की बरा वाटता. रत्ना बाजूक आसली तर मी करतलंय."

बाजूला. माझ्या डोक्यात तेव्हा ट्यूब पेटली. म्हटलं, "बाजूला कशाला, मामी समोरच येऊ दे. दासी दिसत नाही असं मी लिहिलं होतं. आता दिसेल. दिवा घेऊन येईल, राणीला आठवण करून देईल, उघड, मोठ्याने."

मामी केवढी दचकली! "बायल माणूस दशावतारात? कधी बघलंस?" मी म्हटलं, ही फिल्म आहे, इथे चालतं. ती नाही, नाही, नाहीच करत राहिली. सगळी चवळी सोलून झाली. मग सूप उचलता उचलता तिने विचारलं, "बांगड्यो घातल्यो तर चलतीत?"

"घालच तू. आहेत तेवढ्या सगळ्या घाल."

१९ डिसेंबर, गुरुवार

गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, आणि मुहूर्तही नाही. शेवटची संधी.

कागद नेलाच नाही. दोघांना समोर बसवलं आणि बाबली मालकांसारखं आख्यान सांगितलं. राजा घरी नाही. राणी दरबार भरवते. दासी दिवा घेऊन येते. शेवटी राणीने दार उघडायचं. मधलं तुम्ही बघा. महेशला सांगितलं, एकच शॉट, कापायचा नाही, काही झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही. कोणी गाडी काढली, कोंबडा आरवला, चालेल.

मामाने रंग लावला, मामी जवळ बसून आरसा धरत होती. त्यालाही महेशने घेतलं. मग मामा बाकड्यावर बसला. डोळे जरा हरवलेले.

बांगड्या वाजल्या. मामी आतून समई घेऊन आली. जुनंच लुगडं, केसांत आबोली. आवाज कापत होता, पण म्हणाली, "राणीसाहेब, तुम्ही राणी आसात. राजा घरात नाय. दरबार भरूचो आसा."

मामाने मान वर केली. ताठ झाला. तो जत्रेतला आवाज, ज्याला भोंगा लागत नाही, "भरव दरबार! कोण कोण आलंय?" मामी गोंधळली, मग तिने ठोकून दिलं, "सगळे इलेत." "मग हा दिवा कोणी धरलाय?" "मी धरलंय. दासी."

तो तिच्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मला वाटलं गेलं, सुटला धागा. मामीनेही तोंड उघडलं होतं, परत सांगायला. तेवढ्यात तो म्हणाला, "दासी, किती वर्षं हा दिवा धरून उभी आहेस गं? हात भरून आला असेल. ये. इथे बस."

आणि उठला. तिच्या हातातून समई घेतली, तिला खांद्याला धरून बाकड्यावर बसवलं. मामी दासीबिसी सगळं विसरून म्हणाली, "अहो, काय करतास ह्या!" तर मामा म्हणाला, "राणीची आज्ञा आहे. बसून रव."

मग तो समई घेऊन चालत गेला आणि दार उघडलं. बाहेरचं ऊन आत आलं. अंगण रिकामं. मागे बाकड्यावर मामी, हात मांडीवर ठेवून, कुठे बघावं न कळून तशीच बसलेली.

थांबा म्हणायचं मला सुचलंच नाही. महेशनेही कॅमेरा बंद केला नाही, तो डोळे पुसत होता.

निघताना मामीने मला अंगणात गाठलं. "उद्या खरा सांग सगळ्यांका. गुडघ्याचा पुरे झाला. बाबलीक मी सांगतंय."

२० डिसेंबर, शुक्रवार

अक्षयच्या खुनावर वर्ग हसला. नखाचं पॉलिश सगळ्यांना दिसलं. मग आमचं लागलं. जोडकाम काहीच नव्हतं, पुढे नाव आणि मग तो एक शॉट. खिडकीबाहेर कोणी तरी फटाके उडवत होतं तरी कोणी वळून बघितलं नाही.

संपल्यावर सर म्हणाले, "तीन मिनिटांच्या वर गेलंय." मी म्हटलं, हो, आणि कापणार नाही. सर हसले. मग मी मामाचं खरं सांगितलं, मामीने सांगितलं होतं तसं. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून अक्षयच बोलला, "राणी दार उघडून कुठे जाते? पुढे काय?"

सरांनी फळ्यावर आमच्या फिल्मचं नाव लिहिलं. जानेवारीत सगळा वर्ग. अक्षय म्हणाला तो आवाजाचं बघेल, त्याच्याकडे खरा माईक आहे. घेतला त्याला. सहायक म्हणून.

२२ डिसेंबर, रविवार

लॅपटॉप घेऊन पार्सेला. आईही आली होती. तिला आता सगळं माहीत आहे. ती आधी मामीवर रागावली, मग तिच्याच गळ्यात पडली.

मामाला खुर्चीवर बसवून दाखवलं. तो अगदी जाणकारासारखा बघत होता. "राणयेचो मुकुट वाकडो आसा," म्हणाला. राणी कोण ते त्याने ओळखलं की नाही, मला कळलं नाही. मग मामी बाकड्यावर बसली तसा तो पुढे वाकला. "ही दासी बरी करता. खंयच्या कंपनीतली?"

मामी म्हणाली, "तुमच्याच."

तो खूश झाला. परत लाव म्हणाला. परत लावलं.

मी परसात गेले तशी मामी मागोमाग आली. "फुडचा कधी?"

मी म्हटलं जानेवारीत, कॉलेज सुरू झालं की बघू. मामीने मान हलवली. "बघू नको. आज तुका ओळखल्यानी. उद्याचा माका म्हायत नाय. उशीर करू नको गो बाय."

पिशवीतून पंचांग काढलं. दोन जानेवारीला पौष लागतो. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे कॅमेरा महिनाभर आमचा. मामी म्हणाली, "पौषात चांगला काम कोण सुरू करता?"

"आपण करायचं."

तिने बांगड्या कोपराकडे सारल्या, घडा उचलला आणि विहिरीकडे वळता वळता म्हणाली, "कॅमेरो घेवन ये. ह्यांका उभे करूक मी आसंय."